कमोडोरचं निळं निशाण

१

पेटी उघडली आणि लेफ्टनंट क्रेनच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीत लाल निशाण होतं, पांढरं निशाण होतं, कापराच्या वड्या होत्या. निळं निशाण तेवढं नव्हतं.

माहोनच्या बंदरात अमेरिकन आरमाराचा ताफा इतकी वर्षं तळ ठोकून होता, की गावातल्या पोरांना इंग्रजी शिव्या आधी यायच्या आणि प्रार्थना नंतर. चाचे हाकलायला म्हणून हा ताफा समुद्र ओलांडून आला. चाचे केव्हाच गेले, ताफा राहिला. कमोडोर, म्हणजे ताफ्याचे प्रमुख, बदलत गेले. एकानं गावात संत्र्यांची बाग लावली, एकानं खलाशांचे फटके बंद केले, एकाला जहाज लागायचं म्हणून तो सगळ्या मोहिमा किनाऱ्यावरूनच चालवायचा. गावानं सगळ्यांना पोटात घातलं.

ताफ्याची सूत्रं एका हातातून दुसऱ्या हातात जायची ती या निळ्या निशाणासह. रोज डोलकाठीवर फडकायचं ते निशाण साध्या लोकरीचं. हे मात्र रेशमी, ठेवणीतलं. मोठ्या भेटीगाठींना आणि कारभार सोपवण्याच्या दिवशीच बाहेर निघायचं. त्याच्या कडेनं आजवरच्या प्रत्येक कमोडोरचं नाव माहोनच्या बायकांनी पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं होतं. लाल आणि पांढरं निशाण एकेकच होतं, आणि ते वापरायची वेळ क्वचित यायची. एका बंदरात दोन-तीन कमोडोर जमले, तर ज्येष्ठानं निळं लावायचं, दुसऱ्यानं लाल, तिसऱ्यानं पांढरं, असा त्या आरमाराचा शिरस्ता.

उद्या रविवार. उद्या दुपारी म्हातारे कमोडोर व्हिटकम हे निशाण कप्तान प्रेंटिसच्या हाती देणार, आणि सोमवारी ताफ्याचं मुख्य जहाज 'ॲमिटी' नव्या कमोडोरला घेऊन स्मिर्नाच्या बंदराला निघणार, ते वर्षभर परतणार नाही. शिवाय उद्या सकाळी जहाजाच्या बँडचा म्होरक्या तोमेउ गोमिला याचं लग्न होतं. मुलगी डॉक्टर सिंतेस यांची, आगेदा.

जहाजावर पेटी ठेवलेल्या खोलीतच बँडची वाद्यं असायची. त्या खोलीच्या किल्ल्या तीन: एक क्रेनकडे, एक कमोडोरकडे, एक तोमेउकडे.

"मी चोरलं नाही, आणि कमोडोर स्वतःचंच निशाण चोरणार नाहीत," क्रेन म्हणाला, आणि शिपायांनी तोमेउच्या पायात बेड्या घातल्या.

२

डॉक्टर राफेल सिंतेस तेव्हा घरी लग्नाच्या एन्साइमादांची, त्या वेटोळ्याच्या गोड पावांची, चव बघत होते. चौथीची चव बघत असताना बँडमधला ढोलवाला धापा टाकत दारात आला. डॉक्टरांनी हात पुसले, टोपी घातली आणि होडी पकडली.

राफेल सिंतेस हे बंदराचे आरोग्य-डॉक्टर. साथीच्या गावाहून आलेलं जहाज आधी लाझारेटच्या बेटापाशी नांगरायचं, आणि डॉक्टरांनी मोकळं म्हटल्याखेरीज त्यावरचा माणूस काय, मांजरसुद्धा किनाऱ्याला लागायचं नाही. आत्ता प्रेंटिसचं जहाज तिथंच अडकलेलं होतं. जिब्राल्टरला पटकी होती आणि ते तिकडून आलं होतं. त्याची मुदत उद्या सूर्योदयाला संपणार होती. जहाजावर सगळे ठणठणीत होते, पण नियम म्हणजे नियम.

तोमेउ 'ॲमिटी'च्या तळाशी दोरखंडांच्या ढिगावर बसला होता.

"या सासरेबुवा," तो म्हणाला. "बसायला पाट नाही, माफी असावी."

"तू घेतलंस का?"

"मी? मला लग्नाच्या कागदावर सही करायला धीर होत नाही, मी कमोडोरचं निशाण उचलणार?"

"मग कोणी घेतलं?"

"ते तुम्ही शोधा. मला उद्या सकाळी चर्चमध्ये हजर राहायचंय. हे लोखंड घालून नाचता येत नाही हो."

तो हसत होता, पण डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा खांदा दगडासारखा ताठ लागला. निशाण सापडलं नाही तर त्याला बेड्यांतच स्मिर्नाला नेणार, आणि तिथून चौकशीसाठी अमेरिकेला धाडणार, असं क्रेननं त्याला स्वच्छ सांगितलं होतं. समुद्रापलीकडे गेलेला जावई कधी परत येतो हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

क्रेन वर वाट पाहत होता. उंच, ताठ, इस्त्रीचा माणूस. मनानं वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात दोनच कप्पे होते, एक 'शिस्त' आणि दुसरा 'बेशिस्त', आणि सगळं जग त्यानं या दोनांत भरून ठेवलं होतं.

"कमोडोरांना सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. आठवडाभर ते खोलीबाहेर आलेले नाहीत. पद सोडायचं दुःख आहे त्यांना. त्यात ही बातमी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. निशाण नाहीच मिळालं तर संध्याकाळी मी स्वतः सांगेन."

"शेवटचं कुणी पाहिलं होतं ते?"

"सगळ्यांनीच. प्रेंटिस आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कमोडोर त्यांना भेटायला होडीतून गेले होते. लांबूनच, नियमानं. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, निशाण होतं. परत आल्यावर कमोडोर म्हणाले, मी स्वतः पेटीत ठेवतो."

"आणि ठेवलं?"

क्रेननं डॉक्टरांकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी चर्चमध्ये तंबाखू थुंकली. "कमोडोर म्हणाले, ठेवतो," तो म्हणाला.

३

कमोडोरच्या खोलीच्या दाराशी जोसाया उकडलेल्या अंड्यांची बशी घेऊन उभा होता. जोसाया म्हणजे कमोडोरचा जुना खानसामा. तोंडाळ, मायाळू, आणि गेला आठवडाभर रुसलेला.

"बघा डॉक्टर, बशी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरकायचं, असा हुकूम आहे. बावीस वर्षं चाकरी केली, आता मी आत आलेला चालत नाही. सदरे धुवायला देत नाहीत. बश्या स्वतः धुतात. आणि सिरका! बाटल्यांमागून बाटल्या मागवतात. मी म्हटलं, लोणची घालताय का, तर म्हणाले, जोसाया, तुला काय करायचंय."

"झुरतायत बिचारे," डॉक्टर म्हणाले.

"झुरतायत तर खरंच. परवा फटीतून पाहिलं, खिडकीपाशी लाल निशाण वाळत घातलं होतं. निळं लावणारा माणूस लाल निशाणाकडे टक लावून बघत बसला होता. म्हटलं, उद्यापासून दुय्यम व्हायची मनाला सवय लावतायत."

डॉक्टरांनी दार ठोठावलं. ते चार बोटं उघडलं. आत व्हिटकमचा पांढरा कल्लेदार चेहरा दिसला, चेहऱ्यावर आठवड्याची दाढी. हा माणूस एरवी भेटला की मिठी मारायचा, दुसऱ्याच्या ताटातलं खायचा, बाजारात कोळिणींशी हात मिळवायचा.

"राफेल, ये. म्हणजे, येऊ नकोस. लग्नाची तयारी झाली?"

"झाली. तुम्ही येणार ना?" डॉक्टरांनी फटीतून हात पुढं केला.

म्हातारा झटकन मागं सरला. "पडसं झालंय रे. उद्या भेटू. पोरीला आशीर्वाद सांग."

दार लागलं. दाराला सिरक्याचा भपकारा होता. डॉक्टर हात तसाच पुढं ठेवून क्षणभर उभे राहिले, मग तो खिशात घातला.

तेवढ्यात क्रेन मागून आला, आणि तो जे बोलला ते ऐकून डॉक्टरांना निशाणाचा, बेड्यांचा, सगळ्याचा विसर पडला.

"डॉक्टर, माझे शिपाई चौकशी करून आले. तुमच्या घरात निळं रेशीम शिवलं जातंय. मला झडती घ्यावी लागेल."

४

डॉक्टरांची बायको तेक्ला पाच फूटसुद्धा उंच नव्हती, पण तिच्या दारात चार शिपाई आणि एक लेफ्टनंट खाली मान घालून उभे राहिले.

"झडती? माझ्या घराची? उद्या लग्न, आज झडती? घ्या. खुशाल घ्या. आधी बूट काढा, फरशी आत्ताच पुसलीय. आणि जेवणाची वेळ आहे, तेव्हा आधी जेवा. उपाशी माणसाला माझ्या घरात चोर शोधता येणार नाही."

"बाईसाहेब, मी कामावर..."

"बसा."

क्रेन बसला. टोमॅटोचं ऊन-ऊन सार आलं, अंजिरं आली, सिरक्यात मुरवलेल्या केपरांची, त्या आंबट रानकळ्यांची, बरणी आली. आगेदा आतून स्वतःच निळं रेशीम घेऊन आली आणि तिनं ते क्रेनच्या पुढ्यात टाकलं. डोळे लाल होते, पण आवाज आईचाच.

"हे बघा. माझ्या झग्याचं अस्तर. नावं शोधा यावर कमोडोरांची. सापडली तर मलाही बेड्या घाला. निदान नवऱ्याच्या शेजारी तरी बसेन."

क्रेनचे कान तापले. तो कापड उलटंपालटं करायला घाईनं उठला, त्याचं कोपर लागलं आणि केपरांची बरणी रेशमावर आडवी झाली.

सगळे बघत असताना निळ्या रेशमावर एक डाग पसरला. तो डाग लाल होता.

"मेलं लक्षण," तेक्ला म्हणाली. "आगेदा, राखेचं पाणी आण, लवकर. रडू नकोस, जाईल. कड्यावरच्या दगडफुलाचा रंग आहे हा. आंबट लागलं की लाल होतो, राखेत बुचकळला की परत निळा. माझी आजी याला रुसकं निळं म्हणायची."

डॉक्टरांच्या हातातला चमचा तिथंच थांबला. "तेक्ला, कमोडोरांचं रेशमी निशाण विरलं होतं तेव्हा नवं कोणी करून दिलं?"

"मीच नाही का? याच हंड्यातला रंग. याच ताग्याचं कापड."

"क्रेन," डॉक्टर म्हणाले, "पेटीत लाल निशाण आहे ना? तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"आहेच मुळी. आता पेटीला माझंच कुलूप आहे."

"आणि ताफ्यात लाल निशाण एकच?"

"एकच."

डॉक्टर उठले आणि टोपी न घालताच निघाले. निशाण कुठं आहे ते त्यांना कळलं होतं, त्याला सिरका का लागला हेही कळलं होतं. आता गप्प बसावं तर तोमेउ बेड्यांत, आणि बोलावं तर आरोग्य-डॉक्टर म्हणून अख्खं 'ॲमिटी' जहाज बंद करायची पाळी, नवरदेवासकट. इकडे आड, तिकडे विहीर. पोरीचं लग्न कुठूनही बुडतच होतं.

५

"दार उघडू नका," डॉक्टर कमोडोरच्या दाराबाहेरून म्हणाले. "मी इथूनच बोलतो. तुम्ही सोवळ्यात आहात, मोडू नका."

आत खुर्ची सरकली. मागं क्रेन आणि जोसाया उभे होते. डॉक्टरांनी त्यांना मुद्दामच बोलावलं होतं.

"ताफ्यात लाल निशाण एकच आहे, कमोडोर, आणि ते पेटीत आहे. मग जोसायानं तुमच्या खिडकीत पाहिलं ते लाल निशाण कुठलं? ते निळंच आहे. सिरक्यानं लाल झालंय. सिरका कशाला लागतो? जेवायला लागतो, नाहीतर लाझारेटच्या जहाजावरचं काही हाताळायला लागतो. अडकलेल्या जहाजाला भेटायला जाणाऱ्या होडीत पत्रं बुडवायला सिरक्याची बादली आणि चिमटा असतो, तो माझाच नियम. तेव्हापासून तुम्ही कुणाला शिवत नाही. बश्या सिरक्यानं धुता, सदरे बाहेर देत नाही. पडसं नाही तुम्हाला. तुम्ही स्वतःच स्वतःला लाझारेटमध्ये टाकलंय. निशाण त्या जहाजाला लागलं, हो ना?"

आत म्हातारा हसायला लागला. दाराआडून ते हसू पिंपातून आल्यासारखं येत होतं.

"जहाजाला नाही रे. प्रेंटिसला. माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं ते. शिडीच्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला. त्रामुंताना, तो उत्तरेचा वारा, सुटला होता, होडी आत ढकलली गेली, निशाणाचं शेपूट त्याच्या तोंडावर. त्यानं ते धरलं आणि हात हलवावा तसं हलवलं. हसत होता गाढव. साथ कापडाला चिकटते, लाकडाला नाही, हा नियम त्याला कुठला ठाऊक? मीही नाळेवर हसत होतो. मग एकदम आठवलं."

"वल्हेकऱ्यांनी पाहिलं?"

"त्यांनी सलामीला वल्ही उभी धरली होती, आणि तोंडं माझ्याकडे नव्हतीच. मी चिमट्यानं निशाण काढलं, गुंडाळलं, सरळ बादलीत कोंबलं. इथं येऊन पाहतो तर लाल. गोड्या पाण्यानं धुतलं, रमनं धुतलं. जास्तच लाल. प्रेंटिसचं जहाज उद्या मोकळं झालं की सगळं सांगणार होतो."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू काय केलं असतंस?"

डॉक्टरांनी खोटं बोलायचं टाळलं. "जहाज बंद केलं असतं, नव्यानं मुदत घालून. दोन्ही जहाजांवर आजारी कोण पडतंय हे तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"मग? चारशे माणसं कोंडली असती. तोमेउचं लग्न गेलं असतं. मोकळं होताच जहाज स्मिर्नाला, पोरगी वर्षभर बिनलग्नाची खिडकीत."

"आणि तुम्ही कमोडोर राहिला असतात," डॉक्टर म्हणाले. "बंद जहाजावर प्रेंटिसला सूत्रं घेता आली नसती. तुमचे दिवस वाढले असते."

"ते मला पहिल्या मिनिटालाच सुचलं, राफेल." आवाज एकदम हळू झाला. "आणि इतकं गोड वाटलं, की भीती वाटली. मी जे सांगेन ते कर्तव्य म्हणून सांगतोय की हावेपोटी, हे माझं मलाच कळेना. म्हणून गप्प बसलो."

क्रेननं घसा खाकरला. त्याच्या डोक्यातल्या दोन कप्प्यांत हे कुठंच मावत नव्हतं. "सर, मी तोमेउला बेड्या घातल्या आहेत."

"काय केलंस?" दार धाडकन उघडलं. मळक्या सदऱ्यातला म्हातारा उंबऱ्यावर आला, आणि तिथंच स्वतःला आवरून थांबला. "माझ्या पायी पोराला बेड्या? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, सर."

"काढ त्या. पळत जा."

ताफ्याच्या इतिहासात लेफ्टनंट क्रेन धावलेला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

डॉक्टर दाराच्या चौकटीपासून हातभर लांब उभे होते. मित्र म्हणून त्यांचा निर्णय झाला होता, डॉक्टर म्हणून अजून व्हायचा होता. त्यांनी जोसायाला, मग खलाशांना, मग होडीवाल्यांना एकेक करून विचारलं: कमोडोरांना कोण शिवलं? त्यांची वस्तू कोणी हाताळली? रुसलेल्या जोसायानं तर शपथेवर सांगितलं, की आठवडाभर त्यानं मालकाचा रुमालसुद्धा हाताळलेला नाही. दोन्ही जहाजांवर एकालाही साधे जुलाबही लागलेले नव्हते.

"नियम असा आहे," डॉक्टर परत येऊन म्हणाले. "एकटा वेगळा राहिलेला माणूस ज्याला शिवला त्याच्याबरोबरच मोकळा होतो; अख्खं जहाज शिवलं गेलं तरच मुदत नव्यानं मोजायची. उद्या सूर्योदयाला तुम्ही मोकळे. तोवर आतच बसा. बाकी जहाज मोकळंच आहे, कारण तुम्ही माझ्यापेक्षा चोख लाझारेट चालवलंत. निशाण चिमट्यानं टोपलीत टाका. तेक्ला वाट बघतेय."

"निळं होईल?"

"राखेनं न झालं, तर तिच्या बोलण्यानं होईल."

६

ते निळं झालं. रविवारी दुपारी धक्क्यावर अख्खं माहोन लोटलं होतं. चर्चमधून वरात सरळ तिथंच आली होती. आगेदा नवऱ्याचा हात धरून, तोमेउ दुसऱ्या हातानं बँडला ताल देत. उतावळा नवरा म्हणून गाव त्याला चिडवत होतं आणि तो ऐकून घेत होता. पण आगेदा हसता-हसता मधूनच 'ॲमिटी'च्या डोलकाठ्यांकडे बघायची. उद्या याच वेळी तिथं शिडं चढणार होती.

व्हिटकम जहाजाच्या डेकवर उभे होते, दाढी केलेले, कडक पोशाखातले. डोक्यावर डोलकाठीला रेशमी निशाण फडकत होतं. समोर प्रेंटिस, चेहऱ्यावर अपराधी हसू. क्रेननं हुकूमनामा वाचला. आता निशाण उतरायचं, की म्हाताऱ्याचा अंमल संपला.

"थांबा," व्हिटकम म्हणाले. "निशाण अजून वर आहे. म्हणजे अजून माझाच हुकूम चालतो. क्रेन, लिहून घे."

क्रेननं टाक काढला.

"माझ्या चुकीपायी बँडच्या म्होरक्याला बेड्या पडल्या. त्याची भरपाई म्हणून त्याला आणि सगळ्या बँडला महिनाभर रजा, माहोनमध्ये, उद्यापासून. सही, व्हिटकम." त्यांनी सही केली, वर पाहिलं आणि म्हणाले, "उतरवा."

निशाण खाली आलं. म्हाताऱ्यानं ते दोन्ही हातांत घेतलं, एकदा गालाला लावलं आणि प्रेंटिसच्या हातांत दिलं.

निशाण पुन्हा वर चढलं. प्रेंटिस आता कमोडोर झाला होता. त्यानं जुना हुकूम हातात घेऊन वाचला, मग पुन्हा वाचला. हुकूम टिकवायचा की फिरवायचा, याचा अधिकार आता त्याचाच होता. खाली धक्क्यावर आगेदानं तोमेउचा हात घट्ट धरला.

"लेफ्टनंट क्रेन," प्रेंटिस म्हणाला, "बँडशिवाय ताफ्याचं मुख्य जहाज स्मिर्नाच्या बंदरात शिरल्याचं कधी ऐकलंय?"

"नाही सर. ते बेशिस्त दिसेल."

"मग बँड परत येईपर्यंत आपल्याला निघता येणार नाही. जहाजाचं प्रयाण महिनाभर पुढं ढकलतोय. माझा पहिला हुकूम, लिहून घ्या."

क्रेननं लिहून घेतलं. लिहिता-लिहिता तो हसला, आणि ते बघायला जोसाया तीन माणसांना ढकलून पुढं आला.

व्हिटकम शिडी उतरून धक्क्यावर आले. आता त्यांच्यापाशी ना जहाज होतं, ना निशाण, ना हुकूम. आगेदा धावत आली आणि तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. आठवडाभर माणसाला न शिवलेला तो म्हातारा तिला धरून उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर मोकळेपणी रडला. डॉक्टरांनाही रडू आलं, पण तेक्लानं त्यांच्या हातात केपरांची बरणी दिली आणि सांगितलं, की पानं वाढायला घ्या, ही माणसं कालपासून उपाशी आहेत.

तोमेउनं बँडला खूण केली. व्हिटकम डोळे पुसत जेवणाच्या टेबलाशी गेले, आणि आपलं ताट पुढ्यात असताना त्यांनी पहिला घास डॉक्टरांच्या ताटातला उचलला.